मुकुंदकाकांची वाटीभर पच्चडी

आमच्या मुकुंदकाकांच्या शर्टाच्या खिशात कायम दोन वस्तू असतात. एक बॉलपेन आणि दुसरी होमिओपॅथीच्या गोळ्यांची छोटी बाटली. बाटलीत गोळ्या नसतात. लोणच्याचा खार असतो, लालभडक, वर तेल तरंगतंय. लग्न, मुंज, बारसं, कुठंही पानावर बसले की काका आधी डावीकडं बघतात, मग उजवीकडं, मग बाटली काढून वरणभातावर चार थेंब सोडतात आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं बूच लावतात की बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याला हार्टचं काहीतरी आहे. एका लग्नात शेजारच्या पाहुण्यांनी हळूच विचारलंच, कधीपासून आहे हा त्रास. काका म्हणाले, "लहानपणापासून."

तर त्याच काकांनी लोणचं सोडलं, खरंखरं सोडलं, आणि त्यांचं बीपी वाढलं. हे मी कुणालाही सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात शक्यच नाही. शक्य आहे. मी तिथंच होते.

काका म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ, मुकुंदराव बोधनकर, सिंचन खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. नारायणगुड्यात खाली काका आणि सरोजकाकू राहतात, वर आम्ही. पणजोबांपासून आम्ही हैदराबादचेच. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात उर्दू, आणि काका चिडले की तिन्ही एकदम. पण काका चिडतात ते फक्त एकाच कारणानं, कुणी त्यांच्या लोणच्याला नाव ठेवलं तर. बाकी त्यांच्या सीटवर कुणी बसलं, त्यांचा पेपर कुणी नेला, त्यांची स्कूटर कुणी पाडली (मीच पाडली), काही नाही, म्हणतात जाऊ दे पोट्टी, लाइट घे.

त्यांच्या ताटाकडं बघितलं की मला हसू येतं. लोणचं ताटाच्या डाव्या बाजूला असतं ना सगळ्यांचं, इवलंसं? काकांचं मध्ये असतं आणि बाकीचं जेवण त्याच्या कडेकडेनं बसतं. सकाळी उपम्यावर खार. ब्रेडला बटरच्या जागी आवकायचं तेल. आवकाय म्हणजे आपलं इकडचं कैरीचं लोणचं, भरपूर मोहरीची पूड आणि तिखट घातलेलं, ज्याचा वास जिन्यापर्यंत येतो. दुपारी गरम भात, घट्ट वरण, तूप आणि त्यात आवकायची फोड कालवून. रात्री दहीभात आणि लिंबाचं. पिठलं पांचट झालं तर त्यात खार, कढी पांचट झाली तर तिला खाराची फोडणी, आणि जे पांचट झालेलंच नाही त्यातही घालायचं, म्हणजे होणार नाही. एकदा पुण्याला लग्नाला गेले होते तर तिथलं गोड लोणचं चाखून यजमानांना मनापासून म्हणाले, मुरंबा छान झालाय.

आणि वर भाषण. मेथीनं शुगर राहते, मोहरीनं पचन होतं, लसणानं रक्त पातळ होतं, हळद तर काय सगळ्यालाच चांगली, आणि तिळाच्या तेलानं सांधे वंगण घातल्यासारखे चालतात. म्हणजे एक फोड खाल्ली की अख्खा मेडिकल स्टोअर पोटात. काकू म्हणतात, मग मीठ कशाला चांगलं ते पण सांगा. त्यावर काकांना एकदम कमी ऐकू यायला लागतं.

ऐकू कमी येत नाही त्यांना. दिसायचं मात्र खरंच कमी झालं होतं.

हे आम्हाला कळलं नुमाइशमध्ये. जानेवारीत नामपल्लीच्या मैदानात नुमाइश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरतं, सगळं हैदराबाद जातं, आम्ही पण गेलो. गर्दीत काका मागे राहिले म्हणून मी परत शोधत आले तर काका एका कपड्याच्या स्टॉलसमोर उभं राहून कुणाला तरी सांगत होते की आदाब, बहुत दिन हो गए, घर में सब खैरियत? मी बघितलं, समोर शेरवानी घातलेला पुतळा. दुकानाचा. मी इतकी हसले, इतकी हसले, आणि मग घरी येताना ऑटोत एकदम रडायला आलं. कारण मला आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट आठवली आणि ती का झाली ते पण कळलं.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात अख्ख्या खानदानाची आवकाय काका स्वतः करतात. कैऱ्या स्वतः निवडणार, बाजारात कैरी फोडणाऱ्यासमोर उभं राहून प्रत्येक फोडीला कोयीचा टणक तुकडा राहिलाच पाहिजे म्हणून त्या माणसाचा जीव खाणार, तिखट बेगमबाजारातून आणणार, आणि मोठ्या परातीत कोपरापर्यंत हात घालून कालवणार. बाकी कुणी हात लावायचा नाही. तर आदल्या वर्षी काकांनी मोहरीची पूड आणि मेथीची पूड उलटीपालटी केली. दोन्ही पिवळट, दोन्ही सारख्या डब्यात, डोळ्यांत मोतीबिंदू आणि त्यात नेमकी सर्दी, वास पण येईना. मोहरी भरपूर लागते आणि मेथी अगदी थोडी. झालं बरोबर उलटं.

बरण्या घरोघरी गेल्या. आणि कुणी काही बोललं नाही. बाबा गुळाच्या खड्याबरोबर खायचे. आत्यानं फोनवर सांगितलं की यंदा फार औषधी झालंय. मी तर वरणात बुडवून बुडवून खायचे. काकांनी पहिला घास घेतला तेव्हाच त्यांना कळलं असणार, पण ते पण काही बोलले नाहीत, त्यांनी खिशातली बाटली त्याच कडू खारानं भरली आणि वर्षभर तेच खाल्लं. दुसऱ्या कुणाचं लोणचं खाणं म्हणजे काकांच्या मते पक्षांतर.

नुमाइशनंतर काकूंनी निकाल दिला. आधी डोळ्यांचं ऑपरेशन. ऑपरेशन झालं नाही तर यंदा परातीला हात लावायचा नाही, सरळ पाकिटातलं लोणचं आणायचं.

पाकिटातलं. काकूंनी हा शब्द उच्चारला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी रिटायरमेंटच्या दिवशी पण बघितलं नव्हतं.

म्हणून काका स्वतःहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी मोतीबिंदू बघितला, म्हणाले पिकलाय, काढू. मग बीपी बघितलं आणि म्हणाले हे खाली येईपर्यंत मी डोळ्याला हात लावणार नाही. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, आहाराचं कुणालातरी विचारा. म्हणजे बघा आता हिशोब कसा झाला. लोणचं करायचं असेल तर डोळा पाहिजे, डोळा पाहिजे तर बीपी खाली पाहिजे, आणि बीपी खाली पाहिजे तर लोणचं बंद. आणि हे सगळं कैऱ्या यायच्या आत.

दोन दिवस काका खिसा चाचपत फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातली बाटली काढून काकूंच्या हातात दिली.  पोलीस पिस्तूल जमा करतात ना, तसं.

आहाराचं विचारायला शिल्पा मॅडम मी शोधल्या. हिमायतनगरमध्ये त्यांचं छोटंसं क्लिनिक आहे. सांगलीच्या, लग्न होऊन नुकत्याच हैदराबादला आलेल्या. मराठी आहेत म्हटल्यावर काकांना इतका आनंद झाला की ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. आपल्या भाषेत डाएट, म्हणाले, म्हणजे काही गडबड व्हायला नको.

मी स्कूटीवर घेऊन गेले. शिल्पा मॅडम एकदम गोड, काका काका करत होत्या. त्यांनी सगळं नीट समजावलं. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, मग रक्ताचा दाब वाढतो, आणि लोणच्यात मीठ चवीपुरतं नसतं, ते टिकावं म्हणून घातलेलं असतं, म्हणून दोन फोडींत सुद्धा दिवसभरातल्या मिठाचा मोठा वाटा पोटात जातो. मेथी, मोहरी चांगलीच आहे काका, पण त्यांच्याबरोबर किती मीठ आणि तेल येतंय ते बघा. काका मान डोलवत होते, वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखे. मग मॅडमनी सांगितलं, लोणचं बंद, पापड बंद, फरसाण बंद. काकांनी तिन्हीला हो म्हटलं. तिसऱ्या हो ला आवाज जरा बारीक झाला.

ते बघून मॅडमना वाईट वाटलं असेल. त्या म्हणाल्या, "काका, तोंडी लावायला काही नाही असं नाही हं. रोज दोन्ही वेळेला वाटीभर पचडी खायची. भरपूर खा."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी काकांकडं बघितलं. आमच्या दोघांच्या मनात एकच आलं, काय भारी मॅडम आहेत.

आता महाराष्ट्रातल्या लोकांना वाटेल यात काय भारी. तर ऐका. तुमच्याकडं पचडी म्हणजे काकडी, कोबी, मुळा असलं काहीतरी कच्चं चिरून त्यात दही नाहीतर लिंबू, झालं. हे मला आता माहीत आहे. आमच्याकडं कच्च्या भाजीला कोशिंबीर म्हणतात नाहीतर सरळ सॅलड. आणि पच्चडी, च ला च जोडून, हा तेलुगू शब्द. पच्चडी म्हणजे तेलात हिरव्या नाहीतर लाल मिरच्या परतायच्या, त्यात भाजी परतायची, चिंच, लसूण, दणदणीत मीठ, सगळं वाटायचं, आणि वर तेलाची फोडणी. लोणच्याची सख्खी धाकटी बहीण. नारायणगुड्यात वाढलेल्या माणसाला पचडी म्हटलं की दुसरं काही डोळ्यासमोर येऊच शकत नाही. एका च चा तर फरक, आणि मॅडम जरा भरभर बोलत होत्या.

घरी आल्यावर काकूंना पटेना. त्यांचं माहेर निजामाबादचं, त्यांना पण पच्चडी एकच माहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, खरंच बोलली का ती, की हे मनानं सांगायलेत? मी म्हटलं काकू, माझ्यासमोर, वाटीभर, दोन्ही वेळेला, भरपूर. तरी त्यांनी मला मॅडमना मेसेज करायला लावला. मी विचारलं, पचडी कशाची करायची. उत्तर आलं, कुठलीही चालेल, काकडी, टोमॅटो, कोबी, मुळा, रोज बदलून करा, दाण्याचं कूट घातलं तर छान, आणि मीठ अगदी आयत्या वेळी.

काकूंनी वाचून मान डोलवली. काकडीची पच्चडी असते. टोमॅटोची असते. कोबीची असते, मुळ्याची पण असते. दाणे तर हवेतच. मीठ आयत्या वेळी का ते काही कळलं नाही, पण शिकलेली बाई आहे, काहीतरी असेल. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माउलीनं मिक्सर सुरू केला.

पुढचे काही आठवडे काका इतके सुखात होते की आम्हाला त्यांचा अभिमान वाटायला लागला. बघा, लोणचं सोडलं तरी माणूस कसा हसतमुख आहे. ते खरंच लोणच्याला शिवले नाहीत. एका लग्नात पानात वाढलेली लिंबाची फोड त्यांनी उचलून माझ्या पानात टाकली आणि आजूबाजूला बघितलं, कुणी बघितलं का म्हणून. घरी मात्र दुपारी गरम भात आणि वाटीभर काकडीची पच्चडी. रात्री वाटीभर टोमॅटोची. वाटी म्हणजे आमटीची वाटी. काकू वाढताना म्हणायच्या, संपवा हं, मॅडमनी सांगितलंय. एकदा तर काका म्हणाले की आता पुरे, जास्त होतंय, तर काकू म्हणाल्या औषध आहे, सोडायचं नाही.

आणि बीपी वाढत होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी वाढलं. काकांना कळेना, काकूंना कळेना, मला कळेना. काकूंना संशय आला की काका बाहेर जाऊन चोरून लोणचं खातात. त्यांनी शर्टांचे खिसे हुंगायला सुरुवात केली. काका दुखावले. पहिल्यांदाच ते मला म्हणाले, "तेजू, यंदा काही माझ्या हातून होत नाही गं. पाकिटाचंच आणा तुम्ही." बाहेर गल्लीत कैऱ्यांचे गाडे यायला लागले होते. काका खिडकीत बसून ते वासावरून ओळखायचे.

मग मी त्यांना ओढतच परत शिल्पा मॅडमकडं नेलं. काकूंनी जाताना एक डबा दिला, म्हणाल्या एवढं चांगलं सांगतेय पोरगी, परक्या गावात एकटी आहे, तिला पण चाखू दे.

मॅडमनी बीपी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. लोणचं खाल्लं का? काका म्हणाले नाही, शप्पथ. पापड? नाही. फरसाण, बेकरी, बाहेरचं? नाही. मी पण नाही नाही म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, मग पचडी तरी खाताय ना? काका छाती पुढं काढून म्हणाले, दोन्ही वेळेला, वाटीभर, एक दिवस चुकवला नाही. मॅडम म्हणाल्या अरे वा, खूप छान, आणि आणखी गोंधळात पडल्या. मग त्या चहात मीठ घालता का वगैरे विचारायला लागल्या, म्हणजे कुठल्या थराला गोष्ट गेली होती बघा.

तेवढ्यात काकांना डब्याची आठवण झाली. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"पच्चडी. आमच्या सौभाग्यवतींच्या हातची. काल रात्रीची राहिली होती थोडी."

मॅडमनी झाकण उघडलं. आत लाल, घट्ट, वर बोटभर तेल आणि तेलात पोहणाऱ्या सुक्या मिरच्या. त्यांनी डब्याकडं बघितलं, मग काकांकडं, मग परत डब्याकडं. मग त्यांनी, आणि याबद्दल मी त्यांना कायम मानेन, करंगळीच्या टोकावर जराशी घेऊन चाखली. डोळ्यांतून पाणी आलं. पाण्याची अर्धी बाटली संपवून झाल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "काका, ही तुम्ही वाटीभर खात होतात?"

"तुम्हीच तर सांगितलं मॅडम. दोन्ही वेळेला."

मग मॅडमनी फोनवर एक फोटो शोधून दाखवला. बारीक चिरलेली काकडी, वर कोथिंबीर, पांढरीफटक. ही पचडी, म्हणाल्या. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला. मी कानात सांगितलं की कोशिंबीर आहे काका. काकांनी फोन मॅडमना परत दिला. मग म्हणाले, "मॅडम, आपण पुढच्या वेळी इंग्लिशमध्ये बोलू."

मॅडम हसायला लागल्या, मग मी, मग काका. बाहेर बसलेला पेशंट दार ढकलून बघून गेला.

घरी आम्ही कसं सांगावं याचा विचार करत होतो. काकूंना आधी पटलंच नाही, मग त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या, मग काकांवर चिडल्या, एवढा शहाणा माणूस, तुम्हाला शंका नाही आली का, डाएटमध्ये कुणी फोडणी सांगतं का. काका म्हणाले शंका आली होती, पण चांगल्या बातमीवर कोण शंका घेतं. आणि एवढ्यावर थांबायचं ना? पुढं म्हणाले, वाटून तर तूच देत होतीस. त्या दिवशी काका आमच्याकडं वरती जेवले.

दुसऱ्या दिवसापासून खरी पचडी. काकडी, कोबी, मुळा, बिनमिठाची, लिंबू पिळून. काका ती वाटी समोर आली की असे बघायचे जशी कुणी चुकीच्या पत्त्यावरची डिलिव्हरी दिलीय. पण खायचे. पूर्ण वाटी. का, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गल्लीतून कैरीवाला ओरडत गेला की काका मुळ्याचा घास जरा जोरात चावायचे.

बीपी उतरायला लागलं. हल्लूहल्लू, पण उतरलं. आणि मे महिना निम्मा झाल्यावर एकदाचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो तेवढ्यात डॉक्टरांनी घरी जातानाची पथ्यं सांगितली. डोळ्याला पाणी लावायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धूळ नको, धूर नको, आणि तिखटाच्या आसपास तर मुळीच जायचं नाही. किती दिवस? महिनाभर तरी.

महिनाभरात कैऱ्या संपतात. काका रस्ताभर काळा चष्मा लावून खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, उद्या करायची आवकाय. काका म्हणाले कुणी? काकू म्हणाल्या, मी आणि तेजू. तुम्ही खुर्चीत बसायचं आणि सांगायचं. हात आमचे, डोळा तुमचा. काका म्हणाले, आधी परातीला हात लावू देत नव्हतीस, आता मी लावू शकत नाही, म्हणजे तुझंच खरं झालं. काकू म्हणाल्या, पाकीट आणलं का? नाही ना? मग गप्प बसा.

तर असं झालं. परात स्वयंपाकघरात, काकांची खुर्ची पार हॉलच्या दारात, काळा चष्मा, तोंडावर रुमाल, टेबलफॅनचं तोंड त्यांच्याकडून आमच्याकडं फिरवलेलं, म्हणजे सगळं तिखट आमच्या नाकात. काका लांबून हुकूम सोडत होते. ती फोड काढ, तिला कोय नाहीये. ती पण. तेजू, तुझ्या डाव्या हाताखाली एक पिवळी पडलेली आहे, पिकलीये ती, काढ. इतक्या लांबून. मला तर जवळून दिसली नव्हती. माझे हात कोपरापर्यंत जळत होते, नाक वाहत होतं, आणि काका रुमालाआडून खूश होते.

मग मोहरी आणि मेथीच्या पुडी निघाल्या. दोन्ही डबे काकूंनी त्यांच्यासमोर धरले. काकांनी लगेच बोट दाखवलं, ही मोहरी, ही मेथी. आणि जरा थांबून म्हणाले, "मागच्या वर्षी कडू झालं होतं ना?"

आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो. छे, काहीतरीच, मस्त झालं होतं, जरा मुरायला वेळ लागला इतकंच.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आता मला तोंडं दिसतात," ते म्हणाले.

काकूंनी मान खाली घातली आणि परातीत तिखट ओतलं. मी शिंकले, बरं झालं, काही बोलावं लागलं नाही.

सगळं पडलं, तेल पडलं, काकूंनी कालवायला घेतलं. आणि काका परत बोलले. यावेळी आवाज वेगळा होता.

"सरोज, ते मीठ उरलं कसं?"

ओट्यावर वाटीत मीठ राहिलं होतं, निम्म्याच्या आसपास. मी बघितलंच नव्हतं. काकूंनी बघितलं होतं, कारण त्यांनीच ठेवलं होतं. त्या कालवतच राहिल्या. म्हणाल्या, असू दे, एवढं लागत नाही. काका म्हणाले लागतं. काकू म्हणाल्या तुम्हाला नाही लागत. परत तेच बीपी, परत तेच सगळं करायचंय का, दुसरा डोळा राहिलाय अजून. हे बोलताना त्यांनी वर बघितलं नाही, पण हात थांबला होता.

काका खुर्चीतून उठले नाहीत. उठायचं नव्हतंच. फक्त म्हणाले, "अगं, कमी मिठाचं लोणचं पावसाळ्यात बुरशी धरतं. बारा घरी जातं ते. मीठ बरणीत पूर्ण घाल. माझ्या पानात लोणचं कमी घाल."

काकूंनी विचारलं, निघेल का मग तुम्हाला दम. काका म्हणाले, मुळा खाल्ला मी, आणखी काय पुरावा देऊ.

काकूंनी मीठ घातलं. सगळं. वाटी उलटी करून वर दोनदा ठोकली सुद्धा, काकांना दिसावं म्हणून.

बरण्या भरल्यावर आमच्याकडं एक पद्धत आहे, आजूबाजूच्या तेलुगू घरांत पण तीच आहे. परातीला जो मसाला चिकटलेला असतो त्यात गरम भात आणि तूप टाकून तिथंच कालवायचं आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक मुद्दा, म्हणजे भाताचा गोळा, हातावर द्यायचा. दर वर्षी काका देतात. यंदा काकूंनी दिला. बाबांना मोठा, मला मोठा, स्वतःला मध्यम. आणि काकांना जो दिला तो बोराएवढा होता. खरंच बोराएवढा, त्यावर तिखटाची एक रेघ.

काकांनी तो तळहातावर घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला, नवीन डोळ्यानं, रंग बघितला, तेल बघितलं. मग तोंडात टाकला आणि डोळे मिटून बसले. बराच वेळ. गिळायलाच तयार नाहीत.

"घ्या," काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या. "एवढं करून डोळा उघडला माणसाचा, आणि हे बसले मिटून."

काकांनी डोळे न उघडताच हात पुढं केला, दुसऱ्या बोरासाठी. काकूंनी त्या हातावर काकडीची वाटी ठेवली.